शिंगाळे सात, बोडके सात

सरांवर काहीतरी लिहून द्या, असं मला आजवर तीनदा सांगण्यात आलं. एकदा कॉलेजच्या स्मरणिकेसाठी, एकदा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून, आणि एकदा चंदगडकडच्या त्यांच्या गावच्या शाळेकडून. तिन्ही वेळा मी सबब सांगितली. डोळ्यांचं ऑपरेशन, बायकोचं आजारपण, आणि तिसऱ्यांदा तर फोनच उचलला नाही. सरांबद्दल खरं लिहायला बसलो की चौथ्या-पाचव्या पानावर मी स्वतः येऊन उभा राहणार, हे मला माहीत होतं. आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. धाडस आलं असं नाही. ज्यांच्यासमोर मान खाली घालावी लागली असती, ती माणसं उरली नाहीत, एवढंच.

कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्याच्या आगेमागे मी कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो. म्हणजे बेडूक ताटात टाचून द्यायचे, मुलांच्या जर्नलवर सह्या करायच्या. विभागात शिकवणारे तीन जण. त्यांतले सर सर्वांत जुने, आणि पोरांनी नाव ठेवलेले एकटे. त्यांना 'शेणसर' म्हणत. सरांना ते माहीत होतं. पहिल्याच दिवशी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "या पावणं. शेणाची घाण वाटत असेल तर गणिताच्या विभागात जागा आहे."

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत. रंगात आले की गावची भाषा वर यायची. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात मोडायचं. मोठ्या बहिणीला ते अक्का म्हणत आणि दोघं मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत राहत. सरांनी लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं की म्हणायचे, "बघायला आले होते लोक. माझे खिसे बघून गेले."

त्यांच्या कोटाच्या खिशांत तपकिरीच्या रिकाम्या डब्या असत. झाकणांना दाभणाने भोकं पाडलेली. प्रत्येक डबीत शेणाचा एक गोळा आणि एक-दोन जिवंत किडे. स्टाफरूममध्ये कधी सगळे गप्प झाले की त्यांच्या कोटातून बारीक खरखर ऐकू यायची.

सरांचं सगळं आयुष्य दोन प्राण्यांच्या तुलनेत चाललं होतं. एक दाजीपूरच्या जंगलातला गवा, आणि दुसरा त्याच्या शेणाखाली बीळ करून राहणारा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक काळा किडा. या किड्यातल्या काही नरांच्या डोक्यावर दोन बाकदार शिंगं असतात, हुबेहूब गव्यासारखी. त्यांना सर शिंगाळे म्हणत. त्याच जातीतल्या काही नरांना शिंगं जवळजवळ नसतातच. ते बोडके. शिंगाळा कुठे जास्त निपजतो आणि बोडका कुठे, हा सरांचा प्रश्न होता. त्यांचं म्हणणं असं, की पिल्लाला आईने साठवलेलं शेण कसदार असलं तर शिंगं फुटतात, निकस असलं तर नाही. गव्याचं शेण आणि शहरातल्या म्हशीचं शेण, दोन्हींतले किडे ते वर्षानुवर्षं जमवत होते.

त्यासाठी ते रोज सकाळी गंगावेशीत जात. तिथे कट्ट्यावर म्हशी पिळून दूध देत. लोक पेले घेऊन रांगेत, आणि सर डबी घेऊन म्हशीच्या मागच्या बाजूला.

गवळी ओरडायचा, "मास्तर, आजबी दूध न्हाईच?"

"दूध तुमच्या पोरास्नी. माझ्या पोरास्नी हे चालतंय."

"बघा की ओ, एवढं शिकून मानूस कुटं येऊन पोचतंय!" रांगेत हशा व्हायचा. सरही हसायचे, पण हसताना त्यांचं बोट शेणाच्या पोमध्ये काहीतरी चाचपत असायचं.

त्यांची वही मोठी, पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे आकडे, उजवीकडे मत. डावी बाजू त्याच दिवशी भरायची. उजवी भरायला कधी सहा महिने लागायचे. "आकडा आधी, मत मागनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य चिठ्ठ्यांबद्दल. किडा मारला की टाचणीवर टोचायचा, आणि त्याच टाचणीत त्याच्या पायाखाली नखाएवढी कागदी चिठ्ठी ओवायची: गाव, तारीख, शेण कोणाचं. चिठ्ठी किडा टोचल्याबरोबर लिहायची, चहा पिऊन आल्यावर नाही. एकदा एका विद्यार्थ्याने सुरेख मोठा किडा आणला, पण कुठे सापडला ते त्याला आठवेना. सरांनी तो खिडकीतून बाहेर टाकला. पोराचे डोळे भरून आले. सर म्हणाले, "चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे केर, बाळ. वाईट वाटून घेऊ नको. केर टाकायचाच असतो."

दाजीपूरला मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेचं सांगतो. आम्ही दोघं आणि पुढे एक धनगर वाटाड्या. दिवस डोक्यावर आला होता. सड्यावरून, त्या उघड्या कातळपठारावरून, खाली उतरताना वाटाड्या एकदम थांबला आणि त्याने हात मागे केला. समोर पन्नास-साठ पावलांवर दोन नर गवे. मी जन्मात एवढं मोठं जनावर पाहिलं नव्हतं. दोघंही एकमेकांकडे तोंड न करता, अंगाची बाजू दाखवत, आडवे उभे होते. पांढरे पाय, काळंभोर अंग, पाठीवरचा उंचवटा. एक-एक पाऊल टाकत ते एकमेकांना समांतर सरकत होते. कुणी फुत्कारत नव्हतं, कुणी डोकं खाली घालत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांतला लहान नर शांतपणे वळून झाडीत गेला.

उरलेल्याला आमचा वास लागला. तो आमच्याकडे वळला आणि दहा-बारा पावलं चालत आला. वाटाड्या दिसेनासा झाला होता. माझे पाय आपोआप मागे निघाले. सरांनी माझं मनगट धरलं. "पळायचं न्हाय," ते ओठ न हलवता म्हणाले. "आडवे उभे राहा." त्यांनी स्वतः गव्याला बाजू दिली, कोटाची दोन्ही टोकं धरून तो पंख्यासारखा पसरला आणि उभे राहिले. पाच फूट दोन इंचांचा माणूस. कोटाच्या खिशात किडे खरखरत होते. त्या आवाजाने गवा बिथरेल असं मला वाटलं. तो आमच्याकडे पाहत राहिला. मग त्याने नाकातून जोराने हवा सोडली, शेपटी उचलली, जमिनीवर शेण टाकलं आणि निघून गेला.

सर गेले थेट शेणाकडे. "गरम हाय," ते म्हणाले, जणू कुणी जेवायला वाढलं होतं.

परतताना मी विचारलं, "सर, कोटाला तो घाबरला?"

"मला काय ठाऊक? आकडा एक. एकावर मत करू नये." थोडं चालून ते म्हणाले, "पण एक बघा. गवा उजेडात राहतो. अंग दाखवून त्याचं काम भागतं, भिडायची वेळ क्वचित. आपला किडा अंधाऱ्या बिळात. तिथं अंग बघणार कोण? म्हणून तो शिंगं लावून भिडतो. बिळाच्या तोंडाशी उभा राहतो, आत मादी असते, आणि येईल त्याला ढकलतो."

"आणि बोडका? त्याला शिंगंच नाहीत."

सर थांबले. दोन काचांच्या फटीत माती भरून त्यांनी घरी किड्यांसाठी एक घर केलं होतं. रात्र-रात्र ते त्यासमोर बसत. "बोडका भिडत न्हाय. तो बाजूनं दुसरं बीळ उकरतो आणि मधेच आत शिरतो. राखणदार तोंडाशी उभा, ह्यो खालनं आत. मी चारदा बघितलंय. गव्यात ही सोय न्हाय." आणि मग हसून म्हणाले, "उजवी बाजू अजून कोरी ठेवलीय."

विलीनीकरणानंतर नेमणुकांचे नवे नियम आले. सरांकडे नुसती पदवी होती. कायम व्हायचं तर छापलेलं संशोधन हवं. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा निबंध लिहिला आणि मुंबईच्या एका विद्वानांकडे पाठवला. त्यांचं उत्तर चांगलं आलं: दिवाळीच्या सुटीआधी मी स्वतः येऊन संग्रह पाहीन, वहीशी ताडीन, मग छापू. पत्र वाचून सरांनी अक्कांना सांगितलं, आणि अक्कांनी आम्हा दोघांना पुरणपोळी घातली. त्या म्हणाल्या, "छापून आलं की ह्याचे खिसे शिवून टाकते बघा."

पावसाळ्यात टोचलेल्या किड्यांच्या पेट्यांना बुरशी लागते. ती स्पिरिटच्या कुंचल्याने पुसावी लागते आणि त्यासाठी टाचणीवरची चिठ्ठी काढावी लागते. तिसरी पेटी महत्त्वाची. तिच्यात चव्वेचाळीस नर होते. ती सरांनी माझ्या हाती दिली आणि बजावलं, "एका वेळी एक. चिठ्ठी काढा, किडा पुसा, चिठ्ठी परत घाला, मग दुसऱ्याला हात." मी हो म्हणालो.

त्या दिवशी दुपारी खासबागेत मोठी कुस्ती होती. आमच्या गल्लीतला पोरगा उतरणार होता. तीन वाजता मित्र खालून हाका मारू लागला, "येतोस का न्हाय? जागा मिळायची न्हाय!" पेटी मी नुकतीच उघडली होती. मी हिशेब केला, की सगळ्या चिठ्ठ्या एकदम काढून वर्तमानपत्रावर त्याच ओळींत मांडल्या, तर काम पाऊण तासात होईल. मांडल्या. नीटच मांडल्या होत्या. मग पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात गेला आणि मला शिंक आली.

एक शिंक. चव्वेचाळीस चिठ्ठ्या टेबलावर, खुर्चीवर, फरशीवर.

त्या मी गोळा केल्या. तेवढ्यात मला एक गोष्ट दिसली. दाजीपूर-गवा लिहिलेल्या चिठ्ठ्या सव्वीस निघाल्या, गंगावेस-म्हैस अठरा. आणि पेटीतले शिंगाळे मोजले तर बरोबर सव्वीस. बोडके अठरा. मला वाटलं देवच पावला. गव्याच्या शेणात शिंगाळे, म्हशीच्या शेणात बोडके. सरांचं म्हणणं तरी दुसरं काय होतं? मी सव्वीसच्या सव्वीस शिंगाळ्यांना गव्याच्या चिठ्ठ्या घातल्या, अठरा बोडक्यांना म्हशीच्या. पेटी बंद केली आणि कुस्तीला गेलो. आमचा पोरगा जिंकला. मी फेटा उडवला.

सरांची वही मी उघडून पाहिली असती तरी पुरे होतं.

मुंबईचे पाहुणे आले ते सडपातळ, सौम्य बोलणारे गृहस्थ. प्राचार्य खुर्चीत, सर उभे, मी पेटी धरून. त्यांनी भिंग लावून एकेक ओळ पाहिली. वही उघडली. पुन्हा पेटी पाहिली. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. मग तो गेला.

"वहीत दाजीपूरच्या सव्वीस नरांत सात बोडके नोंदवलेत," ते म्हणाले. "पेटीत दाजीपूरचा एकही बोडका नाही. वहीत म्हशीच्या शेणातले सात शिंगाळे आहेत. पेटीत तेही नाहीत. जेवढे तुमच्या मताच्या आड येत होते, तेवढेच जागा बदलून गेलेत."

सरांनी पुढे येऊन पेटीत पाहिलं. फार वेळ पाहिलं. त्यांच्या निबंधाला ते चौदा किडे आड येतच नव्हते. ते धरूनच त्यांनी निबंध लिहिला होता. बहुतेक म्हणजे सगळे नव्हे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. पण आता ते कोण वाचणार?

"वही खरी आहे," सर म्हणाले.

"मग पेटी खोटी?"

"चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं आहे."

"पेटीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागला होता?"

सरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. डबीचं झाकण उघडताना आत काय निघतंय म्हणून पाहत, तसं. "बुरशी पुसायला यांच्याकडे दिली होती," ते म्हणाले.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "काय हो, चिठ्ठ्या काढल्या होत्या?"

माझी नेमणूक दर वर्षाला नव्याने व्हायची. घरी आई आणि दोन बहिणी. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या क्षणी हेदेखील डोक्यात नव्हतं. डोक्यात एवढंच होतं, की सगळे माझ्याकडे बघताहेत.

"एका वेळी एक," मी म्हणालो. "सरांनी सांगितलं होतं तसं."

सरांच्या खिशात खरखर झाली. त्यांनी पेटीचं झाकण लावलं, हलक्या हाताने, काच वाजू न देता. "मग माझ्याच हातनं झालं असेल," ते म्हणाले, आणि आमच्याकडे बाजू करून, खिडकीकडे तोंड न करता आणि आमच्याकडेही न करता, तसेच उभे राहिले. पाहुणे वही मिटून निघाले. प्राचार्य त्यांना सोडायला गेले. मीही त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो. मी पेटी तिथेच ठेवली, की माझ्या हातात होती, तेही मला आठवत नाही.

महिनाभरात सरांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. नव्या वर्षी नेमणूक आली नसती, एवढंच. जाताना तिसरी पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "हिचं काय करू, सर?" मी विचारलं. "ठेवा नायतर टाका," ते म्हणाले. "केरच आहे आता."

त्यांचे तास मला मिळाले. पुढे मी बाहेरून परीक्षा देऊन एम.एस्सी. झालो, कायम झालो, विभागप्रमुख झालो. निरोपसमारंभात माझ्या सचोटीवर दोन भाषणं झाली.

सर कॉलेज सोडून गेल्यावर चार वर्षांनी एकदा मी चंदगडची एस.टी. पकडली. वाटेत नेसरीला गाडी थांबली, तिथून पुढे सगळा रस्ता मी एकच वाक्य घोकत होतो. सर गावच्या शाळेत शिकवत होते. घर काजूच्या झाडांत. अक्कांनी मला ओळखलं, गुळाचा चहा दिला, आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. त्याला बोलायला कोण हाय हितं?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. सरांनी सांगितलं नव्हतं.

सर ओसरीवर काचेच्या घरासमोर पालथे पडले होते. मला पाहून उठले नाहीत. "या पावणं. आडवे व्हा. आवाज करू नका."

मी शेजारी पडलो. काचेपलीकडे मातीत एक बीळ होतं, त्याच्या तोंडाशी शिंगाळा. बोटभर अंतरावर एक बोडका माती उकरत होता.

"सर," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक—"

"थांबा. पोचला बघा."

बोडका आत शिरला. शिंगाळा तोंडाशी तसाच उभा होता. सरांनी वही ओढली, डावीकडे आकडा लिहिला. मग काचेवरची नजर न हलवता म्हणाले, "पोरं ह्याला लबाड म्हणतात. मी म्हणू देत न्हाय. त्याला खायला कमी मिळालं, शिंगं आली न्हाईत. त्यानं काय करायचं होतं?"

हे ते किड्याबद्दल बोलत होते की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मला एवढंच वाटलं, की आता बोललो तर त्यांनी हे जे पुढे केलंय ते माझ्या हातून सांडेल. अक्कांनी आतून सांगितलं, शेवटची गाडी चारची. मी उठलो. सर फाटकापर्यंत आले. "काही सांगत होता?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज आलो होतो."

"बरं," ते म्हणाले.

दोन पावसाळ्यांनी ते न्यूमोनियाने गेले. अक्कांनी एका माणसाबरोबर त्यांची वही माझ्याकडे पाठवली; दुसऱ्या कुणाला तिचा उपयोग नाही, असा निरोप होता. दाजीपूरचं जंगल तोवर अभयारण्य झालं होतं. बोडक्याच्या बाजूच्या बिळाबद्दल परदेशातल्या कुणीतरी लिहिलेलं मी फार वर्षांनी, निवृत्त झाल्यावर वाचलं. त्या लेखात कोल्हापूरचं नाव असायचं काही कारण नव्हतं.

वहीत पाहुणे आले त्या तारखेचं पान आहे. डावीकडे सरांच्या अक्षरात: 'पेटी तिसरी. शिंगाळे सात, बोडके सात, जागा सोडून. पेटी पुसायला गेली होती.' उजवी बाजू कोरी आहे. त्यानंतर सहा वर्षं ते जगले, आणि ती त्यांनी कोरीच ठेवली.

ती पेटी माझ्याकडे आहे. मी ती टाकली नाही. नेसरीपासून चंदगडपर्यंत घोकलेलं वाक्यही मला पाठ आहे: सर, मला शिंक आली होती, चिठ्ठ्या मी अंदाजाने घातल्या, तुम्ही खोटं काही केलं नव्हतं, खोटं मी बोललो, आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मला ते सांगता आलं असतं; मला क्षमा करा.